कॅल्शियम पाजूनही बुंदीला आकडी का आली?

डॉक्टर, स. न. वि. वि.

आम्ही गुहागर तालुक्यात राहतो. भाच्याने मुंबईहून आणलेली बुंदी ही आमची कुत्री. पामेरियन म्हणून आणली, पण थोडी गावठीही असावी. वजन सहा किलो. हनुमान जयंतीच्या दुसऱ्या दिवशी व्याली, पहिलंच वेत. सहा पिल्लं, सगळी धडधाकट. अठराव्या दिवशी सकाळपासून ती धापा टाकायला लागली. एका जागी बसेना, पिल्लांपाशी जाई आणि लगेच उठे. ह्यांना वाटलं उष्म्याने होतंय, म्हणून पंखा लावला. सासूबाई म्हणाल्या, ‘बघ गं, ही पाय लाकडासारखे टाकतेय.’ त्यांनी मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. तिन्हीसांजेला ती आडवी पडली, चारही पाय ताठ, सगळं अंग थडथडतंय, तोंडाला फेस. चिपळूणला नेईपर्यंत नऊ वाजले. तिथल्या डॉक्टरांनी शिरेतून कॅल्शियम दिलं आणि ती अर्ध्या तासात उठून बसली. आमचा विश्वास बसेना.

मला कळत नाही ते असं, की गाभण असताना मेडिकलवाल्याच्या सांगण्यावरून मी तिला महिनाभर रोज कॅल्शियमचं औषध पाजत होते. तरी कमी कसं पडलं? अजून जास्त द्यायला हवं होतं का? डॉक्टरांनी एक दिवस पिल्लं दुधावरून तोडायला सांगितली. सासूबाईंना ते पाप वाटतं. आता मागच्या एका सडाशी गाठ आलीय आणि अजून थोडं लाल जातं. भाचा सुट्टी संपताना एक पिल्लू न्यायचं म्हणतो. काय करू?
– स. म.

ताई,

तुमचं पत्र मिळालं त्याच संध्याकाळी आपण फोनवर बोललो, बुंदी जेवतेय हे ऐकलं, म्हणून आता निवांत लिहितो. अशा बाबतीत सदरात उत्तर येण्याची वाट बघत बसायचं नसतं हे तुम्हाला कळलंच आहे. बाकीच्या वाचकांनाही ते आधीच सांगून ठेवतो.

बुंदीला झाला तो दुधी ज्वर. डॉक्टरांच्या कागदावर ‘एक्लॅम्पसिया’ असं लिहिलेलं असेल. त्या शब्दाने घाबरू नका. बायकांच्या बाळंतपणात हाच शब्द वापरतात, पण तो आजार रक्तदाबाचा आणि अगदी वेगळा. कुत्रीचा हा आजार रक्तातलं कॅल्शियम एकाएकी उतरल्याने होतो. शंभर मिलिलिटर रक्तद्रवात साधारण ९ ते ११ मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, ते ७ च्या खाली गेलं की हे सगळं सुरू होतं. लहान चणीची कुत्री, पिल्लं भरपूर आणि विण्याला दोन-तीन आठवडे झालेले, असं जुळून आलं की समजावं हीच वेळ. दुधाला खरा जोर तेव्हाच असतो. सहा किलोच्या जिवाला सहा तोंडं लागलेली, त्यात पिल्लं रोज वाढतायत. तुमच्या बुंदीने पुस्तकात लिहिल्यासारखा दिवस निवडला.

तुमच्या गोठ्यात गाय असेल, निदान शेजारी तरी असेल, म्हणून एक सांगतो. गाईलाही हाच दुधी ज्वर होतो, कारणही हेच. पण गाय विण्याच्या आगेमागे, एक-दोन दिवसांतच बसते. कान गार पडतात, मान कुशीकडे वळवते आणि ढिली, सुस्त होऊन पडून राहते. कुत्रीचं अगदी उलट. ती ताठते, थरथरते आणि तापाने भाजून निघते. गाईच्या शरीरात कॅल्शियम घटलं की मज्जातंतूचा निरोप स्नायूपर्यंत पोचतच नाही. कुत्रीच्या शरीरात तो पोचतो, आणि वर मज्जातंतूच इतके चळतात की कुणी न सांगता स्नायूंना एकसारखे निरोप धाडत सुटतात. म्हणून गुरं बघून डोळा तयार झालेली माणसंही कुत्रीच्या बाबतीत फसतात. ‘कॅल्शियम कमी असतं तर गार पडली असती, ही तर तापलीय’ असं मला एका जुन्या, जाणत्या गवळ्याने ठासून सांगितलं होतं.

आणि तो ताप जंतूंचा नव्हे. सगळे स्नायू एकाच वेळी काम करत सुटले की अंग तापणारच. थर्मामीटर १०६ च्या पुढे जातो. त्यावर माणसांची तापाची गोळी देऊन काही होत नाही, उलट पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन कुत्र्याच्या पोटात जाणं म्हणजे नवं संकट. डायक्लोफेनॅक तर गिधाडांच्या ऱ्हासापायी २००६ साली जनावरांसाठी बंदच झालं, तरी घरातली माणसांची गोळी अर्धी करून घालणारे लोक अजून भेटतात. कुणी ‘ताप-सुजेचं’ म्हणून स्टेरॉइड टोचू लागला तर त्याचा हात धरा, त्याने कॅल्शियम आणखी खाली जातं.

आता तुमचा मुख्य प्रश्न. कॅल्शियम पाजूनही असं का झालं? ताई, पाजलं म्हणूनच होण्याचा संभव वाढला. वाईट वाटून घेऊ नका, ही चूक चांगल्या मनाने होते आणि घरोघर होते.

शरीरातलं जवळपास ९९ टक्के कॅल्शियम हाडांत असतं. रक्ताला गरज पडली की ते हाडांतून ओढून काढायचं आणि आतड्यातूनही जास्त शोषून घ्यायचं, हे काम मानेतल्या चार बारीकशा ग्रंथी करतात. तुमच्याकडे सुपारीच्या बागेला शिंपणं असतं. पावसाळाभर विहिरीवरचा पंप कुणी लावत नाही, गरजच नसते. पण चार महिने नुसता पडून राहिलेला पंप कार्तिकात पहिल्या बटणाला सुरू होतो का? त्याला आधी पाणी भरा, नट सैल करा, दोन दिवस त्यात जातात. गाभणपणी रोज चमचा-चमचा कॅल्शियम वरून मिळत राहिलं की त्या ग्रंथींचा पंप असाच बंद पडतो. मग व्याल्यावर दूध भरभरून येतं, कॅल्शियमची मागणी एकदम चढते आणि पंपाला जाग यायला वेळ लागतो. त्या मधल्या दिवसांत कुत्री ताठते.

तेव्हा ‘अजून जास्त द्यायला हवं होतं का’ याचं उत्तर ‘मुळीच द्यायला नको होतं’ असं आहे. गाभणपणी साधं, पौष्टिक अन्न पुरे. कॅल्शियम द्यायचंच झालं तर व्याल्यानंतर, दूध चालू असताना, आणि डॉक्टरांनी तिच्या वजनाला मोजून दिलेलं. आता बुंदीला लिहून दिलेलं औषध म्हणूनच पिल्लं सुटेपर्यंत एकही दिवस चुकवू नका. एकच वस्तू दोन महिन्यांपूर्वी अपाय करत होती, आज तीच औषध आहे. मेडिकलवाल्याला हे कळावं अशी अपेक्षा नाही, त्याचं काम बाटली विकणं. पण त्याला एकदा जाऊन सांगा मात्र.

चिपळूणच्या डॉक्टरांनी शिरेतून औषध दिलं तेव्हा ते किती हळू देत होते हे तुम्ही पाहिलं असेल. एका हातात सिरिंज, दुसरा हात किंवा नळी छातीवर. सहा किलोच्या कुत्रीला औषध जेमतेम पाच-सात मिली लागतं, पण ते जायला दहा, वीस, कधी तीस मिनिटंही लागतात. मी नोकरीला नवा असताना दापोली भागात एका पडवीत, कंदिलाच्या उजेडात ही सुई दिली होती. कुत्री आचके देतेय, घरातली मुलं रडतायत, आणि माझा अंगठा घाईला आला. कुत्री ओकली आणि माझ्या तळव्याखाली तिचं हृदय एक ठोका चुकलं, मग दुसरा चुकलं. मी सुई तशीच धरून थांबलो. ती मिनिटं मला आजही आठवतात. ठोके सरळ झाले, पुढचं औषध मी थेंबाथेंबाने दिलं. आधी ओठांचं थरथरणं थांबलं, मग खांदे सैल पडले, शेवटी मागचे पाय. वारा पडला की माड जसे एकेक करून स्थिर होतात तसं. मग तिने जांभई दिली. कॅल्शियम भराभर गेलं तर हृदय थांबतं, हे मी पुस्तकात वाचलं होतं आणि त्या रात्री हाताला कळलं.

हे एवढं लांबवून सांगतोय त्याला कारण आहे. गाईसाठी आणलेली ४५० मिलीची कॅल्शियमची बाटली पुष्कळ घरांत फळीवर असते, आणि गावात सुया टोचणारा कुणीतरी असतोच. ती बाटली तीन-चारशे किलोच्या गाईची. त्यात मॅग्नेशियम, फॉस्फरस अशी आणखीही भर असू शकते. ती अंदाजाने कुत्रीच्या शिरेत सोडणं म्हणजे जिवाशी खेळ, आणि कातडीखाली टोचली तर तिथलं मांस सडून जखम पडू शकते. नाइलाजाने नेमकं काय कातडीखाली देता येतं आणि किती पातळ करून, ते डॉक्टरच ठरवतील.

तर मग गुहागर ते चिपळूण हा चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरचा रस्ता गाठेपर्यंत घरी काय करायचं? पहिली गोष्ट, पिल्लं बाजूला. ओढलेला एकेक घोट म्हणजे तिच्या रक्तातून गेलेलं कॅल्शियम. दुसरी, गाडीत बसण्याआधी फोन. आणि फोनवर ‘कुत्री आजारी आहे’ असं मोघम न सांगता ‘व्यायला अठरा दिवस झालेत, ताठतेय, तुमच्याकडे कॅल्शियम ग्लुकोनेटचं इंजेक्शन आहे का’ असं विचारायचं. तिथे गेल्यावर औषध नाही कळलं तर अर्धा तास हकनाक जातो. सरकारी फिरत्या पशुवैद्यकीय पथकाचा १९६२ हा क्रमांक भिंतीवर लिहून ठेवायला हरकत नाही, पण त्याचा मुख्य भर गुरांवर, तेव्हा कुत्रीसाठी त्याच्यावर विसंबून घरी बसू नका. अंग खूप तापलं असेल तर पोटाला आणि पंज्यांना साध्या पाण्याचं ओलं फडकं लावा, बर्फ नको. गाडीत गाणी बंद, गडबड बंद, कारण नुसत्या आवाजानेही आकडी पुन्हा उसळते. तोंडात चमचा घालू नका, पाणी ओतू नका. कांदा-चप्पल हुंगवायचा प्रकार माणसांतही उपयोगाचा नाही, कुत्रीला तर नकोच. ती शुद्धीवर असेल आणि नीट गिळत असेल तर हिरड्यांना बोटभर मध किंवा साखरेचं पाणी चोळायला हरकत नाही, कधी कधी साखरही सोबत उतरलेली असते.

आणि सासूबाईंचा मान ठेवा हो! सगळ्या घरात खरं निदान त्यांनीच केलं. ‘पाय लाकडासारखे टाकतेय’ हे या आजाराचं मी ऐकलेलं सगळ्यांत अचूक वर्णन आहे. धाप उन्हानेही लागते, वैशाखात कोकणात कुत्रं काय आणि माणूस काय, दोघंही धापतात. पण उन्हाने धापणारं कुत्रं न्हाणीच्या ओल्या चिऱ्यावर पोट टेकून पडतं आणि डोळे मिटतं. ही बसू शकत नव्हती, फेऱ्या घालत होती. अशी कुत्री पुढच्या पंजाने तोंड घासते, कुंईकुंई करते, पिल्लांत मन लागत नाही, आणि चाल लाकडी होते. त्या वेळीच निघाला असता तर आकडीपर्यंत गोष्ट गेली नसती. दृष्ट काढायला माझी ना नाही, फक्त ती गाडी येईपर्यंतच्या वेळात काढावी, आणि मिरच्यांचा धूर धापणाऱ्या जिवाच्या नाकाशी धरू नये.

पिल्लं तोडायचं पाप तर त्यांना असं समजावून सांगा, की आई गेली तर सहाही पिल्लांचं दूध कायमचं तुटलं असतं. आता पिल्लं तीन आठवड्यांची झालीत, म्हणजे निम्मी लढाई तुम्ही जिंकलात. याच वयात ती ताटलीतलं चाटायला शिकतात. तुमच्या डॉक्टरांची हरकत नसेल तर दिवसातून दोनदा, पंधरा-वीस मिनिटं आईपाशी सोडा, तेही पोट अर्धं भरल्यावर. बाकीचा वेळ आई दुसऱ्या खोलीत. रात्री तर वेगळीच. पुन्हा धाप, अस्वस्थपणा, ताठ चाल यातलं काहीही दिसलं तर पिल्लं कायमची बंद करायची. हा आजार त्याच वेतात उलटू शकतो.

पिल्लांना वरचं काय? नुसतं गाईचं दूध नको. कुत्रीचं दूध त्यापेक्षा कितीतरी दाट, प्रथिनं आणि स्निग्धांश दोन्ही दुपटीच्या घरात, आणि साखर उलट कमी. गाईच्या दुधावर पिल्लं पोटं फुगवून हगवणीला लागतात. पिल्लांसाठीची दुधाची पावडर चिपळुणात किंवा रत्नागिरीत मिळेल, डब्यावर लिहिलंय त्या मापानेच कालवा. त्यातच मऊ शिजलेला भात आणि कुस्करलेलं उकडलेलं अंडं मिसळत जा, चार-पाच दिवसांनी बारीक केलेली बिनहाडाची उकडलेली कोंबडी. दिवसातून चार-पाच वेळा, थोडं थोडं. एखादं चाटायला तयार नसेल आणि बाटली लावायची वेळ आली तर त्याला पोटावर ठेवूनच पाजा. माणसाच्या बाळासारखं उताणं मांडीवर घेतलं तर दूध फुप्फुसात जातं. रोज सकाळी भाजीच्या काट्यावर प्रत्येकाचं वजन करून वहीत मांडा. सलग दोन दिवस वजन न वाढलेलं पिल्लू तुम्हाला रडून सांगणार नाही, काटा सांगेल. आणि जंताचं औषध अजून दिलं नसेल तर याच आठवड्यात, आईलाही डॉक्टरांना विचारून. गोल जंत आईच्या पोटातूनच पिल्लांत उतरलेले असतात, आणि ते माणसांच्या मुलांनाही होतात. सुट्टीला आलेली पोरं पिल्लं हाताळून तसेच आंबे खात असतील, त्यांना हात धुवायला लावा.

मागच्या सडाशी आलेली गाठ. मागच्या जोडीत दूध सगळ्यांत जास्त असतं आणि पिल्लं एक दिवस बाजूला होती, त्यामुळे नुसतं दूध साचलं असण्याची शक्यता मोठी. पण खात्री करून घ्या. एक थेंब पिळून काळ्या तव्यावर टाका. पांढरा, पातळ, एकसारखा पसरला तर बरं. पिवळट, गुलाबी, दोरीसारखा किंवा गुठळीचा असला तर तो सडाचा दाह, गुरांत ज्याला आपण दगडी म्हणतो तो. मग कास गरम लागते, हात लावू देत नाही, कातडी लाल आणि पुढे निळसर-काळी होत जाते, कुत्री मलूल पडते. निळसर रंग दिसला तर वाट बघू नका, तिथलं मांस मरू लागलेलं असतं. तापही मोजा. थर्मामीटरच्या टोकाला खोबरेल लावून गुदद्वारात, आणि १०० ते १०२.५ पर्यंत निर्धास्त राहा. नुसतं साचलेलं असेल तर कोमट फडक्याने दहा मिनिटं शेका, दिवसातून तीन-चारदा, आणि ताण उतरेल इतकंच हाताने पिळा. रिकामी करायच्या मागे लागू नका. जितकं काढाल तितकं आणखी येतं आणि आत्ता आपल्याला ते नकोय. हळद-चुन्याचा लेप मात्र लावू नका. चुन्याने तिथली कोवळी कातडी भाजते आणि पिल्लं तेच चाटतात. दाह निघाला तर डॉक्टर प्रतिजैविक देतील, त्यांना पिल्लं पितायत हे आठवणीने सांगा, कारण काही औषधं दुधातून उतरून पिल्लांच्या हाडांना आणि दातांना बाधतात. पिल्लांची नखंही बघा. तीन आठवड्यांत ती सुईसारखी होतात आणि सडांवर ओरखडे काढतात. तुमच्या साध्या नेलकटरने टोक तेवढं उडवा.

लाल जातं त्याबद्दल फार काळजी नको. व्याल्यावर पहिल्या दिवशी हिरवट-काळं जातं आणि लोक घाबरतात, पण तो जारेतला रंग असतो. पुढे ते तांबूस-तपकिरी होऊन तीन-चार आठवडे, कधी सहाही, कमी कमी होत जातं. वास नसणं आणि दिवसागणिक उतरणं या दोन गोष्टी बघायच्या. कुजका वास, चॉकलेटी किंवा पुवासारखा स्राव, ताप आणि पिल्लांकडे पाठ, हे एकत्र दिसलं तर गर्भाशयाला सूज असते, आणि ती बहुतेक पहिल्या आठवड्यातच दिसते. आत जार राहिली की बहुधा असं होतं, आणि कुत्री जार खाऊन टाकते म्हणून किती पडल्या हे मोजून कुणालाच नीट सांगता येत नाही. बुंदी त्या टप्प्याच्या पुढे गेली. दोन-तीन महिन्यांनीही थेंब थेंब रक्त दिसत राहिलं तर तेव्हा दाखवा. पहिल्या वेताच्या तरण्या कुत्रीत गर्भाशयाची जागा भरायला असा उशीर होतो आणि बहुधा आपोआप थांबतं, पण योनीत फुलकोबीसारखी गाठ तर नाही ना हे डॉक्टरांनी बघितलेलं बरं. तो संसर्गाचा कर्करोग गावातल्या मोकळ्या कुत्र्यांत सर्रास असतो, आणि वेळेवर इंजेक्शनं दिली की पूर्ण बराही होतो.

फोनवर तुम्ही ओशाळून सांगितलंत, सासूबाई तिला बाळंतिणीचा म्हणून रोज डिंकाचा लाडू भरवतायत. त्यामागचं प्रेम कळतं. पण त्या लाडवात मनुका असतात, आणि मनुकेने कुत्र्यांची मूत्रपिंडं बंद पडू शकतात. आजपासून बंद. बाळंतीण म्हणून तिला नुसती पेज-भात घालणंही तितकंच चुकीचं. या दिवसांत तिला नेहमीच्या दुप्पट-तिप्पट खाणं लागतं, दिवसातून चार वेळा विभागून. अंडी, कोंबडी, दही, नाचणीची आंबील, उकडलेला बांगडा काटे काढून, सगळं चालेल. माशाचं सार मात्र नको, त्यातला कांदा-लसूण तिच्या रक्तपेशी फोडतो. सुकट द्यायचीच तर पाण्यात भिजवून खार काढून, मूठभराच्या वर नाही. पिल्लांच्या पावडरीसोबत दुकानातलं पिल्लांचं तयार खाद्यही आणलंत तर पिल्लं सुटेपर्यंत बुंदीलाही तेच घाला. त्यात कॅल्शियम-फॉस्फरसचं माप बसवलेलं असतं आणि माझ्या मते सहा तोंडं पाजणाऱ्या कुत्रीला त्याच्याइतकं सोपं दुसरं काही नाही.

पुढच्या वेताबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, मीच बोलतो. एकदा हा आजार झालेल्या कुत्रीला पुढच्या वेतात तो पुन्हा होण्याची भीती असते. तुम्हाला पिल्लं विकायची नाहीत, तालुक्याच्या गावाहून पुढे नेल्याशिवाय रात्री डॉक्टर मिळत नाही. मग हा धोका कशासाठी घ्यायचा? दूध आटलं, अंग भरलं, म्हणजे साधारण विण्यापासून अडीच-तीन महिन्यांनी तिचं ऑपरेशन करून टाका. तेव्हा आषाढ असेल. ओल्या हवेत टाके चिघळू नयेत म्हणून दहा दिवस तिला घरात, कोरड्या गोणपाटावर ठेवायची तयारी करा, आणि गळ्यात कॉलर घाला. नाहीतर ती चाटणारच.

आणि भाच्याला सांगा, सुट्टी संपताना पिल्लू मिळणार नाही. आठ आठवडे भरायच्या आत आई-भावंडांतून काढलेलं पिल्लू पुढे चावरं, बुजरं निघण्याचा संभव असतो, आणि पहिली लसही तोवर झालेली नसते. गणपतीला येईलच की तो. तोवर रेबिजसकट लसी होतील. तेव्हा मखराच्या सामानाच्या रिकाम्या खोक्यातून घेऊन जाईल म्हणावं.